बद्रीभाऊची डबी

मित्रांनो, मला पहिल्यांदा बघणारा माणूस तंबाखू मागतो. यात माझा काय दोष? आकारच तसा मिळालाय. तळहातात मावेल एवढी मी एक जुनी पिवळी डबी आहे. माझे कोपरे झिजलेत आणि पोटातून दोन काळ्या वायरी निघाल्यात. वायरींच्या टोकाला सुपारीएवढं गोल बोट आहे. कागदोपत्री माझं नाव भलतं मोठं आहे, लोखंडाची जाडी मोजणारं ध्वनियंत्र की काय ते. पण चितेगावपासून वाळूजपर्यंत एकानंही मला त्या नावानं हाक मारली नाही. सगळे विचारायचे, "बद्रीभाऊची डबी आली का?" आधी आधी मला राग यायचा. मग सवय झाली, आणि खरं सांगू का, पुढं पुढं ते नाव मला आवडायलाही लागलं.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईनं लोखंडाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या तुकड्यावर माझं बोट टेकवलं आणि प्रत्येक पायरीची जाडी विचारली. मी सगळी उत्तरं बरोबर दिली. तिनं मान हलवली आणि मला पेटीत घातलं. बोटीनं मुंबई, ट्रकनं औरंगाबाद असा प्रवास करून मी १९९० साली इथं आले. आज या शहराला छत्रपती संभाजीनगर म्हणतात. स्टेशनजवळच्या एका लहानशा तपासणी कचेरीत पेटी उघडली गेली, आणि पहिला चेहरा दिसला तो बद्रीनाथचा.

बद्रीनाथ तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होता. खुलताबादच्या पलीकडं डोंगरावर त्यांची शेती, सीताफळाची झाडं. घरात नोकरी करणारा तो पहिलाच. त्यानं मला दोन्ही हातांनी उचललं आणि आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलं. त्या तुकड्यात मी पुढं किती वर्षं झोपले! अहो, परदेशी पेटीतल्या स्पंजाला त्याची सर नव्हती.

आता माझं काम सांगते. कारखान्यांत लोखंडी पाइपांतून वाफ, पाणी, तेल, तेजाब असं काय काय धावत असतं. ते धावता धावता पाइपला आतून झिजवतं, गंज चढवतं. बाहेरून पाइप ठणठणीत दिसतो, आतून मात्र पातळ होत जातो. कापून बघावं तर कारखाना बंद पडणार. मग माझं बोट बाहेरून पाइपवर टेकवायचं. मी एक बारीक आवाज आत सोडते. तुमच्या कानाला तो ऐकू येत नाही. तो लोखंडातून जातो, आतल्या भिंतीवर आपटून परत येतो, आणि किती वेळात परत आला यावरून मी जाडी सांगते. मडकं घेताना तुमची आई त्याच्यावर टिचकी मारते ना, तसलंच हे काम, फक्त हिशोबाचं.

मात्र माझे दोन हट्ट आहेत. एक म्हणजे बोट आणि लोखंड यांच्यामध्ये ग्लिसरीनचा थेंब हवा. हवेतून माझा आवाज पुढं जातच नाही. दुसरा हट्ट म्हणजे लोखंड उघडं हवं. वर रंग असेल तर आधी कानस मारून रुपयाएवढी जागा चकचकीत करा, मग मला टेकवा. रंगात आवाज रेंगाळतो, त्याला उशीर होतो, आणि उशीर झाला की मला वाटतं लोखंड जाड आहे. लबाडी नाही हो ही, मला तेवढंच कळतं.

बद्रीनाथला हे पक्कं ठाऊक होतं. वर्षानुवर्षं तो त्याच त्या जागा घासायचा, मोजायचा आणि वहीत लिहायचा. एकदा वाळूजच्या एका कारखान्यात मी अडीच मिलिमीटर म्हटलं, तर तिथले इंजिनिअर हसले. "ही तंबाखूची डबी आम्हाला शिकवणार का?" पाइप कापला तेव्हा अडीचच निघाला. त्या दिवशी त्यांनी बद्रीनाथला खुर्ची दिली, चहा दिला, आणि मला टेबलावर मधोमध ठेवलं. मी किती फुगले म्हणून सांगू!

ते फुगणंच पुढं नडलं. आता तुम्हाला चितेगावची गोष्ट सांगते.

पैठण रोडवर चितेगावला पुठ्ठ्याचा एक कारखाना होता. रद्दी भिजवायची, तिचा लगदा करायचा आणि वाफेच्या उष्णतेवर पुठ्ठा वाळवायचा. वाफ बॉयलरमधून यायची. बॉयलरवर सोनाजीमामा होते. आजोबा-पणजोबा मेंढरं राखायचे, ह्यांनी आयुष्यभर बॉयलर राखला. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटक, बोलणं कमी. त्यांची बायको सुगंधाबाई त्याच कारखान्यात रद्दी निवडायची. ती मात्र बोलायला बसली की थांबायची नाही.

रद्दी निवडणाऱ्या बायका शेडभर बसायच्या, पण सुगंधाबाईची जागा ठरलेली होती. बॉयलरकडून आलेला वाफेचा पाइप शेडच्या कोपऱ्यात वळायचा. त्या वळणाच्या तुकड्याला तिथं बेंड म्हणत. त्या बेंडवरचं आवरण कधीच गळून पडलं होतं, त्यामुळं खाली छान ऊब यायची. सुगंधाबाईचे गुडघे दुखायचे. ती बरोबर त्या बेंडखाली पोतं टाकून बसायची आणि म्हणायची, "ह्या उबंनं पाय मोकळं होत्यात बघा. इथून मला कुणी हलवू नका."

पाइप सगळ्यात जास्त झिजतो तो वळणावर. सरळ धावणारी वाफ तिथं आदळते, आणि वाफेत पाण्याचे थेंब असले तर ते लोखंड पोखरतात. म्हणून दर दसऱ्याला आम्ही ते बेंड मोजायचो. दसऱ्यालाच का, तर गरम पाइपवर माझं बोट टेकवता येत नाही. सणाच्या साफसफाईला कारखाना तीन दिवस बंद असायचा, पाइप थंड असायचे, आणि दसऱ्याच्या संध्याकाळी मुहूर्तावर बॉयलर पुन्हा सुरू व्हायचा.

त्या साली, म्हणजे १९९६ला, आम्ही सकाळी पोचलो तर शेड ओळखू येईना. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा झालेली, झेंडूच्या माळा, हळदीकुंकवाची बोटं. आणि पाइप? काय सांगू! सगळे चांदी रंगानं लखलखत होते. त्यातही ते बेंड तर आरशासारखं गुळगुळीत. दरवर्षी आम्ही कानस मारलेल्या जागांचे खड्डे त्याच्यावर दिसायचे, ते या वेळी औषधालाही नव्हते.

"मामा, हे कुणी रंगवलं?" बद्रीनाथनं विचारलं.

"म्याच," सोनाजीमामा म्हणाले. "दोन दिस लागले."

बद्रीनाथनं पिशवीतून कानस काढली. तेवढ्यात सुगंधाबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली आणि तिनं कपाळावर हात मारला. "आगं माय! भाऊ, काल पूजा झाली न त्याची. सणाच्या दिवशी देवावर कानस चालवता व्हय? ह्यांनी जेवणखाण सोडून रंगवलंय. राहू द्या की आजच्या दिवस."

बद्रीनाथ घोटाळला. मामांनी मान खाली घातली होती. नको म्हणायची त्यांची पद्धत तशीच होती. त्यात सुगंधाबाईनं मलाही हळदकुंकू लावलं. "ही पण लई राबती बिचारी," ती म्हणाली. मी विरघळले. बद्रीनाथही विरघळला. त्याला दुपारपर्यंत गावी पोचायचं होतं, आई वाट बघत होती. त्यानं कानस पिशवीत टाकली, रंगावरच ग्लिसरीनचा थेंब सोडला आणि माझं बोट टेकवलं.

मित्रांनो, मला तेव्हाच कळायला हवं होतं. आवाज आत गेला तो मऊ मऊ काहीतरी तुडवत गेला. पण परत आला, आणि मी आकडा दाखवला, तीन पूर्णांक तीन मिलिमीटर. बद्रीनाथ म्हणाला, "ठीक आहे." सुगंधाबाईनं आम्हाला पेढा दिला, म्हणजे त्याला दिला, आणि आम्ही निघालो.

दुपारी गावी जेवण झाल्यावर बद्रीनाथ वही घेऊन ओसरीवर बसला. आकडे त्याच दिवशी पक्क्या वहीत उतरवायची त्याची शिस्त होती. त्याची आई आवडाबाई दारातून ओरडली, "अरे, गाव निघालं सोनं लुटायला, अन तू काय वह्या चाळीत बसलास!"

"आलोच, आई," तो म्हणाला आणि लिहिता लिहिता थांबला. मी त्याच्या मांडीवरच होते. त्यानं मागचं पान उलटलं आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. गेल्या साली त्याच बेंडची जाडी होती तीन पूर्णांक एक. यंदा तीन पूर्णांक तीन. झिजणारं लोखंड वर्षभरात जाड कसं होईल? पाइप काय बाळसं धरतो?

तो ताडकन उठला. संध्याकाळी पाचला बॉयलरचा मुहूर्त होता. गावातला एकुलता एक फोन सणामुळं कुलपात होता. त्यानं मला गळ्यात अडकवलं आणि स्कूटरला किक मारली. आई मागून हाका मारत राहिली. दौलताबादचा घाट उतरलो, तर किल्ल्याच्या दरवाजात झेंडूच्या माळा घातलेले ट्रॅक्टर अडकलेले. शहरात तर गर्दीच गर्दी. बद्रीनाथ हॉर्न वाजवत होता आणि तोंडानं एकच म्हणत होता, "सणाला भुललो, सणाला भुललो." मी त्याच्या छातीवर आपटत होते. मला वाटत होतं, भुलले तर मीही. आकडा माझाच होता.

आम्ही पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. बॉयलर पेटला होता. मालक नारळ घेऊन पुठ्ठ्याच्या यंत्रापाशी उभे होते. सोनाजीमामांनी पाइप तापवायला व्हॉल्व जरासा उघडला होता, पूर्ण वाफ अजून सोडायची होती. आणि बेंडखाली, आपल्या पोत्यावर, सुगंधाबाई बसली होती.

"मावशी, उठा तिथून!" बद्रीनाथ दारातूनच ओरडला.

"आले का भाऊ परत? पेढा संपला नाय अजून," ती हसत म्हणाली. बॉयलरच्या आवाजात तिला धड ऐकूही आलं नव्हतं.

तो धावत मामांकडं गेला. "मामा, वाफ सोडू नका. सकाळी मी कानस मारली नाही, रंगावरून मोजलं. खरं सांगा, त्या बेंडवर नुसता रंग आहे की आणखी काही आहे?"

सोनाजीमामांचा चेहरा बघवेना. त्यांनी एकदा बेंडकडं पाहिलं, एकदा बायकोकडं. "लांबी भरली म्या," ते पुटपुटले. रंगारी खड्डे बुजवायला जो लगदा भरतात, त्याला लांबी म्हणतात. "ते तुमच्या कानशीचे खड्डे लई वंगाळ दिसायचे, भाऊ. देवीच्या वणासारखे. म्हणून बुजवले."

म्हणजे सकाळी मी लांबीसकट जाडी मोजली होती!

मामांनी व्हॉल्व आवळला आणि ते शेडमध्ये धावले. "ऊठ!" सुगंधाबाई गुडघ्याला हात लावून म्हणाली, "पाय धरल्यात हो, थांबा की जरा." तेव्हा चौतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ते बायकोवर खेकसले. "ऊठ म्हणतो न! समजत नाय तुला?" सगळ्या बायकांदेखत, मालकांदेखत, सणाच्या दिवशी. ती उठली. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. ती बायकांत जाऊन बसली.

मालक चिडले. "मुहूर्त चाललाय! सकाळी बरोबर होतं, आता खराब कसं?"

"मोजून दाखवतो," बद्रीनाथ म्हणाला. "चुकलो तर उद्यापासून मला गेटच्या आत घेऊ नका."

व्हॉल्व बंद असला तरी बेंड तापलं होतं. तेवढ्या उष्णतेत माझं बोट टिकत नाही हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. पाइप थंड होण्याची वाट बघू म्हटलं असतं तर मालकांनी तोवर वाफ सोडायला लावली असती. शिडीवर चढून त्यानं कानस मारली. चांदी रंग उडाला, खाली पिवळी लांबी निघाली, तिच्याखाली लोखंड चमकलं. तो मला हळूच म्हणाला, "सोस गं थोडं." ग्लिसरीन चर्र वाजलं आणि त्यानं बोट दाबलं.

आई गं! काय सांगू ती आग. बोटाचं तोंड वितळत होतं. पण सकाळी मी खोटं बोलले होते, आता खरं सांगितल्याशिवाय हटायचं नव्हतं. आवाज सोडला. या वेळी तो थेट लोखंडात गेला आणि लगेच, फारच लगेच, परत आला. एक पूर्णांक सात. पुन्हा एकदा, एक पूर्णांक सात. मग माझ्या पडद्यावर काहीच उमटलं नाही.

मालकांनी आकडा स्वतः पाहिला आणि नारळ खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी बेंड कापून काढलं. मी मोजलं त्याच्यापासून दोन बोटांवर तर लोखंड कागदाएवढंच उरलं होतं. सोनाजीमामांनी तिथं अंगठा दाबला तर पत्रा आत गेला. पूर्ण वाफ सुटली असती तर बेंड फुटून ती थेट खालच्या पोत्यावर आली असती. मामा तिथंच जमिनीवर बसले. "भाऊ," ते म्हणाले, "लांबीचं तिला सांगू नका." बद्रीनाथनं वहीतला दसऱ्याच्या सकाळचा आकडा खोडला आणि पुढं लिहिलं, "रंगावरून मोजले. चूक माझी." मामांचं नाव त्यानं कुठंच लिहिलं नाही.

मला नवं बोट यायला आठ महिने लागले. पुढं मी आणखी पंधरा वर्षं काम केलं. मग रंगीत पडद्याची, रंगावरूनही बरोबर मोजणारी यंत्रं आली, आणि मी कपाटात गेले. कुणीतरी माझ्या पोटातले सेल काढायला विसरलं. ते पाझरले आणि मला आतून गंज चढला. लोकांचा गंज हुडकणारी मी, आणि माझ्याच गंजाचा कुणाला पत्ता नाही! बद्रीनाथनं निवृत्तीच्या दिवशी मला घरी आणलं, व्हिनेगरच्या बोळ्यानं आतून पुसलं, आणि खिडकीत ठेवलं. आता मी चालत नाही. पण बरी आहे.

एक राहिलं सांगायचं. मुद्दामच मागं ठेवलं होतं.

त्या दसऱ्यानंतर सुगंधाबाई नवऱ्याशी बोलेना. स्वयंपाक करायची, ताट ठेवायची, पण शब्द नाही. चारचौघांत ते खेकसले होते ना. काय घडता घडता राहिलं ते तिला कळलं होतं, पण अपमान काही उतरत नव्हता. दिवाळीच्या आधी बद्रीनाथ नवं बेंड बघायला गेला. माझं बोट जळालेलं, तरी सवयीनं मला गळ्यात घेऊनच. शेडमागं भंगारात ते जुनं बेंड पडलं होतं. सोनाजीमामांनी ते उचललं आणि रद्दीपाशी बसलेल्या बायकोपुढं नेऊन ठेवलं.

"ही लांबी म्या भरली व्हती," ते म्हणाले. "तुह्या डोक्यावरचा पाइप कुजला व्हता, अन म्या त्याला वरून लिपून ठिवलं. तुला मारायलाच निघालो व्हतो म्या."

सुगंधाबाईनं त्या पातळ पत्र्यावरून हात फिरवला. मग विचारलं, "एवढ्या पाइपात ह्येच काहून एवढं गुळगुळीत केलं व्हतं?"

मामांनी मान वर करून नव्या बेंडकडं बघितलं. "तू खाली बसती न," ते म्हणाले. "वर बघितलं तं तुला चांगलं दिसावं म्हणून."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. डोळे भरून आले होते तिचे. "आगं माय," ती म्हणाली, "म्हंजी म्या कुठं बसते, ते तुम्ही बघता व्हय? चौतीस वर्षं झाली, मला वाटायचं तुम्हाला त्या बॉयलरबिगर काही दिसतच नाय." आणि पदरानं डोळे पुसत तिनं त्यांना हाताला धरून शेजारी बसवलं. त्या दोघांकडं बघवत नव्हतं आणि नजरही हलत नव्हती. बद्रीनाथनं मला मुठीत घट्ट धरलं.

मित्रांनो, मी म्हातारी झाले, माझं एवढं ऐका. माणूस असो की पाइप, वरून गुळगुळीत दिसला म्हणून सोडून देऊ नका. सणवार आड आला, भीड आड आली, तरी एकदा खालचं उघडं करून विचारा, कितपत झिजलास बाबा? त्यांना जरा बोचेल, तुम्हालाही बोचेल. आणि तुमच्या घरात कोण कुठं बसतं, ते नीट बघून ठेवा. बघताय, हे त्यांना सांगाही. चौतीस वर्षं थांबू नका.